कान दुखतोय, पण कानात काहीच नाही

जुना दवाखाना · मंगळवार, रात्री १०:२०

पंचवटीत माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे, सव्वीस वर्षं झाली. सध्या एक नुकतीच पास झालेली मुलगी संध्याकाळी शेजारी बसून शिकते. परवा तिने विचारलं, "सर, कान दुखतो म्हणून आलेल्या आजोबांना तुम्ही कवळी काढायला का लावली?" प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तराला माझी एक जुनी चूक चिकटलेली आहे. ती तिला सांगितली, म्हटलं इथेही लिहावी. इथे चार-दोन डॉक्टर आहेतच, आणि बाकीचे सगळे कधी ना कधी कान, घसा नाहीतर मान घेऊन कुणाच्या तरी बाकावर बसणार आहेत.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. अंबडच्या कारखान्यात काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ आले. उजवा कान ठणकतो म्हणाले. कानात बघितलं तर पडदा स्वच्छ, मोत्यासारखा चमकतोय. मळसुद्धा नाही. मी थेंब दिले. पंधरा दिवसांनी परत आले, मी थेंब बदलले आणि वर पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या वेळी ते बाहेरच्या माठातलं पाणी पीत होते आणि माझं सहज तिकडे लक्ष गेलं. घोट गिळताना त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि हात आपसूक कानाकडे गेला.

आत बोलावलं. हातमोजा घातला, जीभ बाहेर काढायला लावली, गॉजच्या तुकड्याने धरली आणि बोट मागे नेलं. जिभेच्या मुळाशी उजव्या बाजूला सुपारीएवढं टणक काहीतरी लागलं. दोन महिने मी ज्या कानात डोकावत होतो, त्या कानाला काहीही झालेलं नव्हतं.

तो कर्करोग होता. त्यांचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे लाईट घेऊन झाले, आणि ते आहेत. भाजीबाजारात भेटतात, बोलणं थोडं बोबडं झालंय. मला अजून "डॉक्टरसाहेब" म्हणतात, तेव्हा मीच इकडे तिकडे बघतो.

हे का होतं ते सोपं आहे. कानाला एकाच नसेचा पुरवठा नाही. मेंदूतून निघणारी पाचवी नस कानालाही जाते आणि दातांना, जबड्याला, जिभेलाही. नववी टॉन्सिलला आणि जिभेच्या मुळाला, दहावी स्वरयंत्राला. सातवीचा एक धागा आणि मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यातून येणाऱ्या नसाही कानापाशी पोचतात. म्हणजे एका डीपीवरून चार वाड्यांना लाईन दिलेली. बिघाड एका वाड्यात आणि दिवा दुसऱ्याच वाड्यात फडफडतो. कान दुखतोय आणि कान चांगला दिसतोय, तर मी आता क्रमाने दाढा, जबड्याचा सांधा, टॉन्सिल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि मान बघतो. तंबाखू खाणाऱ्याचा एकाच बाजूचा कान दुखत असेल आणि कानात काही नसेल, तर घसा दुर्बिणीने बघून घेतल्याशिवाय त्याला सोडत नाही.

कवळी त्यासाठीच काढायची. कवळीखाली काय काय लपतं ते बघितलं की पटतं. तशीच तंबाखू धरायची जागा. गाल बोटाने बाहेर ओढून खालच्या हिरडीची खाच बघा. पेशंटला "कुठल्या बाजूला धरता?" असं सहज विचारलं तर तो खरं सांगतो. "तंबाखू खाता का?" विचारलं तर दहातले पाच जण "नाही, कधीतरी" म्हणतात. मिश्रीचं तर बायका सांगतच नाहीत, कारण ती त्यांच्या लेखी तंबाखू नाहीच, दात घासायचं आहे.

आता मान. पुष्कळ डॉक्टर समोरून गळा चाचपतात आणि पेशंट दचकतो. मान मागून तपासायची. पाठ नसलेलं स्टूल, शर्टाची वरची दोन बटणं सोडलेली, आणि स्वतःचे हात आधी चोळून गरम केलेले. डिसेंबरात निफाडचा पारा काय असतो ते ठाऊक आहे, तसले गार हात मानेला लागले की माणूस खांदे वर घेतो आणि खाली काही लागत नाही. हनुवटीखालून सुरुवात, जबड्याच्या कडेने कानापर्यंत, मग मानेच्या मोठ्या स्नायूच्या कडेने खाली हासळीच्या हाडापर्यंत. ज्या बाजूला बघतोय तिकडे डोकं किंचित झुकवलं की स्नायू सैल पडतो आणि बोटं आत जातात. हासळीच्या वरचा खळगा हमखास राहून जातो. डाव्या खळग्यातली टणक गाठ पोटातल्या कर्करोगाची असू शकते, म्हणून तो राहू द्यायचा नाही.

गाठ मधोमध असेल तर घोटभर पाणी द्यायचं. गिळताना वर सरकली तर थायरॉइडची. जीभ बाहेर काढल्यावरही वर चढली तर थायरॉइड जिभेकडून खाली उतरताना मागे राहिलेल्या नळीची गाठ, जी लहान मुलांत बऱ्याचदा सापडते. जबड्याखाली जेवायला बसलं की फुगते आणि थोड्या वेळाने ओसरते, ती लाळेच्या नळीत अडकलेल्या खड्याची. हिच्यासाठी मी पेशंटला लिंबाची फोड चोखायला देतो, दोन मिनिटांत निदान समोर फुगून येतं. कानाच्या पाळीमागे-खाली गाठ आणि पाळी वर उचललेली, तर पॅरोटिड, म्हणजे कानाजवळच्या लाळेच्या ग्रंथीची. तिच्या जोडीला तोंड वाकडं होत असेल तर गाठ साधी नाही असं समजून लगेच पुढे पाठवायचं.

बाकी कसोटी म्हणाल तर दोनच प्रश्न मनात ठेवतो. एकाच बाजूला आहे का? आणि तीन आठवडे होऊन गेले का? सर्दीने घसा दोन्हीकडे दुखतो, आणि आठ-दहा दिवसांत उतरतो. एकाच बाजूला ठाण मांडून बसलेल्या दुखण्याला, गाठीला, बसलेल्या आवाजाला मी मान देतो.

तुमचे अनुभव लिहा. चुका लिहिल्या तर जास्त चांगलं.

---

दातकोरणं · मंगळवार, रात्री ११:०५

छान धागा, जुदा. (तुमच्या नावाचं लघुरूप आता हेच होणार, आधीच माफी मागतो.)

मी सिडकोत दातांचा दवाखाना चालवतो. माझ्याकडे उलटी गंगा असते. दुखणं दातात वाटतं आणि दात चांगला असतो. चेहऱ्यावर विजेसारखी कळ येते, वारा लागला की येते, दाढी करताना येते, आणि माणूस दोन दाढा काढून तिसरी काढायला माझ्याकडे येतो. ती पाचव्या नसेची कळ असते, दाढा काढून जात नाही.

तोंडाच्या तपासणीत माझी एक भर. खुर्चीत बसल्या बसल्या मी प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगतो. जातात का? गेल्या महिन्यात एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता, दीड बोट जेमतेम. तक्रार काय, तर मिसळ फार तिखट लागायला लागली आहे. नाशिकच्या पोराने ही तक्रार करावी! गालाच्या आतून बोट फिरवलं तर खाली दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गालाची आतली कातडी कडक होऊन तोंड उघडेनासं होणं. "तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो" म्हणाला. अहो, हा आजार सुपारीचाच आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि पुड्या कुठे मिळतात ते मी सांगायला नको.

तोंडातल्या जखमेबद्दल मी तीन आठवडेही थांबत नाही. टोकदार दात लागत असेल तर तो घासून द्यायचा आणि दोन आठवड्यांनी परत बोलवायचं. तरी भरली नाही तर तुकडा तपासायला. "दुखत नाही ना, मग राहू द्या" हे वाक्य फार वेळा ऐकतो. तोंड आलं की झोंबतं, आणि झोंबणारं बहुतेक वेळा आठवड्यात जातं. न दुखणाऱ्या, कडा जाड झालेल्या जखमेची मला जास्त धास्ती वाटते. आपल्याकडे पुरुषांमध्ये तोंडाचाच कर्करोग पहिल्या नंबरवर आहे.

---

द्राक्षमांडव · बुधवार, सकाळी ६:५०

आम्ही पिंपळगावकडचे, बागायतदार. डॉक्टर नाही, पेशंट. चूक माझी नाही, पण भोगली मी.

गेल्या वर्षी गोडी छाटणीनंतर डिपिंग चालू होतं. मांडवाखाली वर बघून घड बुडवत होतो आणि एकदम सगळी बाग गरगर फिरली. वेलीला धरून खाली बसलो. अर्ध्या मिनिटात थांबली. रात्री कुशीवर वळलो की परत. एका ठिकाणी एक्स-रे काढला, मानेच्या मणक्यात गॅप आहे म्हणाले, पट्टा दिला. तीन महिने पट्टा घालून ट्रॅक्टर चालवला. चक्कर तशीच. मग एका कानाच्या डॉक्टरांनी मला पलंगावर असं काही उताणं पाडलं की वाटलं आता मेलो. दुसऱ्या दिवसापासून चक्कर नाही. हे काय होतं ते समजलं तर बरं होईल, कारण घरचे अजून म्हणतात की बाधा होती ती उतरवली.

---

जुना दवाखाना · बुधवार, दुपारी २:१५

दातकोरणं, तीन बोटं आजपासून माझ्याही तपासणीत. जुदा चालेल.

द्राक्षमांडव दादा, तुमची गोष्ट इतकी ठरीव आहे की ती मी त्या मुलीला वाचून दाखवली. आतल्या कानात तोल सांभाळणारी एक पिशवी असते, तिच्या आत कॅल्शियमचे बारीक कण चिकटलेले असतात. ते सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत गेले की डोकं हललं की तेही घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कण खाली बसले की चक्कर थांबते, म्हणून ती अर्ध्या-एक मिनिटाचीच. वर बघताना आणि कुशीवर वळताना येते. मांडवाखाली काम करणाऱ्याला ती पकडणारच.

ज्या उताण्या पाडण्याने जीव गेला असं वाटलं ती तपासणी मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडली. मान पंचेचाळीस अंशात वळवून झटकन मागे झोपवायचं, डोकं पलंगाखाली थोडं लोंबतं ठेवायचं आणि पेशंटच्या डोळ्यांकडे बघायचं. काही सेकंद काहीच होत नाही, मग बुबुळं गोल फिरत उडायला लागतात. त्यानंतर डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण परत पिशवीत सोडायचे. ती युक्ती जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांची, १९९२ मध्ये त्यांनी ती सविस्तर छापली. औषध नाही, पट्टा नाही. कण पुन्हा सुटू शकतात, तेव्हा पुन्हा करून घ्यायचं. व्हिडिओ बघून घरी पहिल्यांदा करू नका, कुठला कान आणि कुठली नळी हे आधी ठरवावं लागतं.

चाळिशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत काहीतरी झीज दिसतेच. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळे, असं होत नाही. आमच्या धंद्यात मणक्यांवर फार खापर फोडलं जातं, मीही फोडलेलं आहे.

मात्र चक्करेसोबत दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, हातापायातली शक्ती जाणं, उभंच न राहता येणं किंवा पूर्वी कधी झाली नव्हती इतकी डोकेदुखी असेल, तर कानाचा विचार नंतर. थेट मोठ्या हॉस्पिटलात.

---

कॉलेजरोडची · बुधवार, रात्री ९:३०

वाचतेय, आणि थोडं चडफडतेय. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठले तर डाव्या कानाने फोनवर काही ऐकू येईना. आदल्या दिवशी ठणठणीत होते. सर्दी होती थोडी. जवळच्याच एका डॉक्टरांनी मळ साचलाय म्हणून थेंब दिले, दहा दिवस टाका म्हणाले. मग थोडा मळ काढलाही. तरी तसंच. विसाव्या दिवशी कानाच्या तज्ज्ञाकडे गेले तर ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? "इतके दिवस कुठे होतात?" ऐकू येणं निम्मंच परत आलं. घरी बसल्या हे ओळखायचा काही मार्ग होता का?

---

जुना दवाखाना · बुधवार, रात्री १०:१०

ताई, होता. तो इतका सोपा आहे की मलाच लाज वाटते. सगळ्यांनी आत्ता करून बघा. एक कान बोटाने बंद करा आणि तोंड मिटून "हंऽऽ" असा हुंकार भरा. आवाज बंद कानात मोठा येतो. मळाने किंवा सर्दीने कान बंद झाला असेल तरी हेच होतं, हुंकार आजारी कानाकडे जातो. पण आतली नस गेली असेल तर हुंकार चांगल्या कानात ऐकू येतो. ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून आम्ही जे करतो तेच हे, फक्त फुकट. फोर्क ५१२ हर्ट्झचा घ्यावा, किंमत किरकोळ आहे, आणि तरी किती दवाखान्यांत दिसतो?

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं आणि हुंकार चांगल्या कानाकडे गेला, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची मशीनवरची तपासणी करायची. स्टेरॉइड सुरू करायचं असतं आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्याचा उपयोग जास्त, जितकं लवकर तितकं चांगलं. तुमच्या कानात मळ खरोखर असेलही. मळ निघाल्यावर ऐकू आलं नाही, तिथेच खरं तर फोन करायला हवा होता, डॉक्टरांनी.

---

ताशा_तर्री · बुधवार, रात्री ११:४०

मी ढोल पथकात ताशा वाजवतो. गणपतीच्या आधी दोन महिने सराव, रोज दोन-अडीच तास. सराव संपला की कानात शिट्टी वाजते, सकाळपर्यंत जाते. यंदा गेली नाही. आमचे वादक कापूस घालतात. चालतं का? नाशिक ढोल सोडा म्हणू नका फक्त.

---

जुना दवाखाना · गुरुवार, दुपारी १:५०

नाही म्हणत. मिरवणुकीत मीही उभा असतो.

शिट्टी म्हणजे आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशींनी केलेली तक्रार. सकाळपर्यंत जात होती तोवर त्या सावरत होत्या. आता जात नसेल तर काही कायमच्या गेल्या असाव्यात. ऑडिओमेट्रीत ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसेल, सातपूरच्या प्रेसवर काम करणाऱ्यांच्या आलेखात दिसतो तसाच. अमेरिकेतल्या नियॉश संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. ताशाशेजारी तुम्ही त्याच्या वर आहात.

कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही. फोमचे प्लग घ्या, केमिस्टकडे मिळतात. घालायची पद्धत महत्त्वाची: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोट ठेवायचं. नुसता तोंडाशी अडकवला तर कापसाच्याच लायकीचा.

एकाच कानात शिट्टी, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येत असेल तर ढोलावर ढकलू नका. ते वेगळं असतं, दाखवा.

---

घाटमाथ्याची सिस्टर · गुरुवार, रात्री ८:०५

सुरगाण्याकडे नोकरीला आहे. इथे मानेला गाठ म्हटलं की आधी गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा टीबी, आठवावी लागते. मोठा माणूस, तंबाखू, टणक दगडासारखी गाठ, हे जुदा सरांनी लिहिलं. आमच्याकडे विशीतल्या मुली येतात. मानेच्या बाजूला चार-पाच गाठी एकमेकींना चिकटलेल्या, द्राक्षाच्या घडासारख्या. दुखत नाहीत, ताप संध्याकाळी, वजन उतरलेलं. कुणीतरी त्यावर बिब्बा घातलेला असतो, कुणी चिरा दिलेला असतो. चिरा दिला की भोक पडतं आणि महिनोन् महिने वाहत राहतं.

चिरू नका, सुईने नमुना घ्या. काचेवर बघण्याबरोबर त्यातला थोडा सीबीनॅटला पाठवा. त्यात टीबीचा जंतूही कळतो आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही तेही. औषध साधारण सहा महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. आहारासाठीचे दरमहा ५०० होते, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. एक गोष्ट मुलींच्या आईला पहिल्याच दिवशी सांगते: औषध चालू असताना गाठ मध्येच वाढू शकते. ते माहीत नसलं की तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद करतात.

---

दातकोरणं · गुरुवार, रात्री ८:४०

सिस्टर, हे फार मोलाचं. कापण्याआधी सुई, हे कर्करोगाच्या गाठीलाही लागू आहे. आधी गाठ कापून काढायची आणि नंतर मूळ तोंडात शोधायचं, या उलट्या क्रमाने पुढच्या ऑपरेशनचा विचका होतो.

---

दोनलेकरांचीआई · गुरुवार, रात्री ९:२०

वाचनखूण साठवली. धाकट्याच्या एकाच नाकपुडीतून आठवडाभर घाण वासाचा शेंबूड येतोय. सर्दीचं औषध चालू आहे. आणि मोठ्याचा उन्हाळ्यात घोळणा फुटतो, तेव्हा सासूबाई मान मागे टाकून कांदा हुंगवतात.

---

जुना दवाखाना · गुरुवार, रात्री ९:४५

धाकट्याला उद्याच दाखवा. लहान मूल, एक नाकपुडी, घाण वास म्हणजे आत मणी, चिंचोका, खोडरबर यातलं काहीतरी, असं समजून बघायचं. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, आत सरकतं. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी असण्याची थोडी जरी शक्यता वाटली, तर उद्याही नाही, आत्ता. ती काही तासांत नाकाचा पडदा जाळते.

मोठ्याची मान पुढे झुकवा, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका. दर मिनिटाला सोडून "थांबलं का" बघायचं नाही. मान मागे टाकली की रक्त पोटात जातं आणि उलटी होते. कांदा लासलगावलाच बरा.

---

मखमलाबाद_नाका · शुक्रवार, सकाळी १०:३०

सगळं वाचलं. डॉक्टर, राग मानू नका, पण असा धागा वाचून अर्ध्या नाशिकला आपल्याला कॅन्सर झाला असं वाटणार. माझ्या वडिलांचा आवाज सात-आठ आठवडे बसलेला आहे. वय अडुसष्ट, भजनी मंडळात वरच्या पट्टीत गातात. ज्येष्ठमध, हळद-दूध चालू आहे. स्कोपीला नेलं की मग सीटी, मग अॅडमिट, हे चक्र आम्ही आईच्या वेळी बघितलंय. आवाज बसला म्हणून कुणी घाबरवत नव्हतं पूर्वी.

---

जुना दवाखाना · शुक्रवार, दुपारी २:४०

राग कसला. आईच्या वेळी जे झालं त्यावर मी काही बोलू शकत नाही, आणि तुमचा संशय उगाच आलेला नाही.

भजनाने स्वरयंत्रातल्या आवाजाच्या पट्ट्यांवर सूज किंवा फोड आला असेल, हीच शक्यता जास्त असेल. पण ती मी इथे बसून सांगू शकत नाही आणि तुम्ही तिथे बसून सांगू शकत नाही. आवाज ऐकून पट्टीवर काय आहे ते कुणालाच कळत नाही, बघावं लागतं. शिवाय डाव्या पट्टीची नस मानेतून सरळ येत नाही, ती छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि परत वर चढते. म्हणजे आवाज बसण्याचं कारण छातीतही असू शकतं, आणि ज्येष्ठमध तिथवर पोचत नाही. सात-आठ आठवडे म्हणजे माझ्या हिशोबाच्या दुपटीहून जास्त झाले.

तपासणी काय असते तेही सांगतो, कारण "स्कोपी" म्हटलं की लोकांना ऑपरेशन टेबल दिसतं. बसल्या बसल्या नाकात बधिर करायचा फवारा, मग शेवयांपेक्षा थोडी जाड लवचिक नळी, ती स्वरयंत्राच्या वर थांबते. "ईऽऽ" म्हणायला लावतात, पट्ट्या हलताना पडद्यावर तुम्हालाही दिसतात. पाचेक मिनिटं. अॅडमिट नाही, भूल नाही. खासगीचं भय वाटत असेल तर सिव्हिलच्या कान-नाक-घसा ओपीडीत जा, सकाळी लवकर केसपेपर काढा. पाणी पिताना ठसका लागतो का, वजन उतरलंय का, श्वास घेताना आवाज येतो का, एवढं मात्र आजच विचारून घ्या. श्वासाला आवाज येत असेल तर वाट बघू नका.

---

द्राक्षमांडव · शुक्रवार, सायंकाळी ७:१५

नाका भाऊ, घेऊन जा. मी तीन महिने पट्टा घातला.

---

ताशा_तर्री · रविवार, रात्री १०:५५

ऑडिओमेट्री केली. खड्डा आहे, ४००० लाच. पथकासाठी प्लगचे दोन खोके आणलेत. पोरं हसतात, घालतात पण.

---

मखमलाबाद_नाका · पुढचा गुरुवार, रात्री ९:००

नेलं होतं. ठसका, वजन काही नव्हतं. उजव्या पट्टीवर पॉलिप (मऊ फोड) आहे, दोन्ही पट्ट्या हलतायत. छातीचा फोटो साफ. आवाजाच्या थेरपिस्टकडे पाठवलंय, सहा आठवड्यांनी परत बघणार, पॉलिप ओसरला नाही तर छोटं ऑपरेशन करून तुकडा तपासणार. म्हणजे भजनच निघालं, मी म्हणत होतो तेच, हे नोंदवून ठेवतो. वडिलांना आठवडाभर मौन सांगितलंय. मौन काय, हळू आवाजात दिवसभर कुजबुजत असतात, त्यात माझ्या तक्रारी जास्त.

---

जुना दवाखाना · पुढचा गुरुवार, रात्री ९:२५

नोंदवलं. कुजबुज बंद करा, तिनेही पट्ट्यांवर ताण येतो. घरात कुणाची शाळेतली पाटी असेल तर ती द्या. तक्रारी लिहून करू देत.